‘फ्रेश स्टॉक’ म्हणे!

सकाळी सकाळी फेसबुक उघडलं आणि डोकंच सटकलं. टेम्पोच्या हौद्यात अळंब्यांचा ढीग. एकही उमललेली नाही, सगळ्या कळ्या. देठांना वारुळाची माती, म्हणजे सळईने उकरलेल्या. वर लिहिलंय ‘फ्रेश स्टॉक’. आणि खाली बदामांचा पाऊस!

अरे, ही काय धिंगरी (ऑयस्टर) मश्रूम आहेत, शेडमध्ये पिशव्या टांगल्या की उगवली? वारुळाच्या पोटात वाळवी पानं-लाकूड चघळून मळा रचते आणि त्यावर ही बुरशी पोसते. टर्मिटोमायसिस तिचं शास्त्रीय नाव. बुरशी ते लाकूड पचवते, मग वाळवीचं पोट भरतं. एकीवाचून दुसरी जगत नाही. अळंबीचा देठ थेट त्या मळ्यापर्यंत उतरलेला असतो. सळई खुपसली की मळाच फुटला! शेतात हिची लागवड करून दाखवा म्हणावं.

माझा मामा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा. पहाटे अळंब्यांना न्यायचा तेव्हा वारुळापाशी आधी चपला काढायला लावायचा. “सातेरीचा घर हा ता. काठी घालू नको.” सातेरी म्हणजे वारुळाच्या रूपात पुजली जाणारी आमच्याकडची ग्रामदेवी. देठ बोटांनी हळूच पिळून काढायचा आणि उमललेल्या पाच-सहा तशाच सोडायचा. मी हट्ट करायचो, सगळ्या घेऊया की! तर म्हणायचा, “आयशीक सांग, येवढीच गावली.” छत्री उघडल्याशिवाय बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, बाहेर पडत नाहीत, हे मी फार नंतर वाचलं. मामाने काहीच वाचलेलं नव्हतं.

हो, मान्य, पावसाळ्यात कुणाकुणाची चूल यावर पेटते. पानात वाटा बांधून रस्त्याकडेला बसणाऱ्या म्हातारीवर माझा राग नाहीच. ती मामासारखीच काढते, बघा कधी तिचे देठ.

आणि खरं तर टेम्पोवालाही सोडा. मामाचं वारूळ ज्या उतारावर होतं तिथे आता रबराची लागवड आहे. ऐन-किंजळीची झाडं गेली, पाचोळा गेला. वाळवीने खायचं काय, डांबर? गेल्या पावसात मामाला म्हटलं, चल जाऊया. “काय बघतलस थंय?” म्हणाला आणि पान लावत बसला.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ पासून उच्च न्यायालयाची वृक्षतोडबंदी आहे, बरं का! मग रात्री त्या डोंगरांवर जेसीबी काय भजनाला जातात?