इंजेक्शनाआधी साखर बघा

डिचोलीतल्या माझ्या शाळासोबत्यांत सध्या एकच वाद पेटलाय. सगळे पन्नाशी ओलांडलेले. अंगात त्राण नाही, झोप धड नाही, बायकोजवळ जायची इच्छा नाही. निम्मे म्हणतात, टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचं, इंजेक्शन घे आणि मोकळा हो. बाकीचे म्हणतात, वय झालं, आता देवाचं नाव घे. इथे इंग्लंडात, स्विंडनला, आम्ही गोवेकर जमलो की हाच विषय निघतो. मला दोन्ही बाजू पटत नाहीत.

चाळिशीनंतर हे संप्रेरक वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं. तेवढ्याने कुणी आजारी ठरत नाही. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या पुरुषांच्या पाहणीत लक्षणंही आहेत आणि पातळीही कमी आहे, असे जेमतेम दोन टक्के निघाले. म्हणून इथले सरकारी डॉक्टर सकाळी उपाशीपोटी रक्त घेतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा घेतात. त्यात जीव मेटाकुटीला येतो. कंटाळून लोक ऑनलाइन खासगी क्लिनिकं गाठतात, आणि तिथे विक्रीची घाई आपल्याकडच्याइतकीच.

पातळी खरीच खालावलेल्याला औषधाचा गुण येतो. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ७९० पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: कामेच्छा वाढली, मन थोडं उभारी धरू लागलं, पण ज्या थकव्यासाठी आपले लोक सुई मागतात तो काही हटला नाही. २०२३ च्या ट्रॅव्हर्स नावाच्या चाचणीत हृदयरोगाचा धोका असलेले पाच हजारांहून अधिक पुरुष होते. झटका आणि पक्षाघात औषध घेणाऱ्यांत वाढले नाहीत, हा मोठा दिलासा. मात्र अनियमित ठोके, फुप्फुसातली गुठळी, मूत्रपिंडाला इजा, हे सारं थोडं जास्त आढळलं. हाडंही जास्त मोडली.

तरुणांना कुणी सांगत नाही ते वेगळंच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना इशारा देणं थांबवते आणि शुक्रजंतू बनणं मंदावतं, कधी बंदच पडतं. मूल हवं असलेल्या पुरुषाला जिममध्ये ही सुई सुचवणं मला अक्षम्य वाटतं.

आणि साखर! आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधल्या अहवालात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, २६.४ टक्के. मधुमेह, पोटावरची चरबी, झोपेत श्वास अडकणं, यांच्यासोबत टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि वजन उतरलं की बऱ्याचदा चढतंही. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांचं खरं दुखणं जेवणाच्या ताटात आणि संध्याकाळच्या ग्लासात आहे. मित्रांनो, आधी ते बघा.

लैंगिक ताकद वाढवण्याच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि टेस्टोस्टेरॉन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. या दोन्हींची अंमलबजावणी मागायला आपण लाजतो, कारण विषयच चारचौघांत काढायचा नसतो.

ज्याच्या टेस्टोस्टेरॉनच्या दोन्ही तपासण्या कमी आल्या, त्याने मात्र वयाच्या नावाखाली सोसत बसू नये. उपचार घ्यावेत, पण रक्त दाट होतंय का हे पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा बघावं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांवर गेलं की औषध थांबवायचं. सोबत प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी. म्हापशात सकाळी रक्त दिलं तर अनेकदा संध्याकाळी रिपोर्ट हातात पडतो. इथे आम्हाला त्यासाठी किती ताटकळावं लागतं, ते विचारूच नका.