पाटणचं मालकी लाकूड कसं ओळखणार?

लाकडाचं मूळ गाव शोधण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या) तपासणीवरून लाकूड कुठल्या मुलखात वाढलं ते कळतं. बरोबर आहे, पण आमच्या सातारा जिल्ह्याला ते कितपत पुरेल? पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांचं प्रमाण पावसागणिक बदलतं, स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य येतं मुळांखालच्या खडकातून. आपला काळा कातळ सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, कर्नाटकात दांडेलीकडचे खडक अब्जावधी वर्षांचे. तिकडचा साग पाटणचा म्हणून खपवला तर प्रयोगशाळेत बिंग फुटू शकतं. (तुलनेला दोन्हीकडचे खात्रीचे नमुने हवेत. ते कोण जमवणार, देव जाणे!)

पण खरी मेख वेगळीच आहे. मालकी, म्हणजे खासगी जमिनीवरच्या, रानातली तोड दाखवून वाहतूक परवाना काढायचा आणि त्याच पासावर शेजारच्या राखीव जंगलातले चार ओंडके घुसडायचे. मध्ये फक्त एक बांध. खडक तोच, पाऊस तोच, मग समस्थानिक काय डोंबल सांगणार? तिथे डीएनएच हवा, खुंटाचा नमुना ओंडक्याशी जुळवायला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मेपलचोरीच्या खटल्यात हे झालंय.

सागाच्या जुन्या, वाळलेल्या गाभ्यातून मात्र डीएनए काढणं महाकटकटीचं. म्हणून वखारीत धाड घालण्याआधी तपासणी नाक्यावर, लाकूड ओलं असतानाच चकती कापून ठेवा. खुंटाचीही घ्या, कुणी तो जाळायच्या आत. वनखातं ओंडक्यावर हातोड्याने ओळखीचा शिक्का ठोकतं, त्याचं म्हणाल, तर तो ओंडक्याच्या टोकाला असतो. ते टोक करवतीखाली गेलं की फळीवर काही उरत नाही.