टीव्हीचं बटण अण्णांच्या खिशात

आज मामेभावाच्या मुलाची मुंज होती. मातृभोजन चाललेलं. चांदीचं ताट, भोवती रांगोळीची महिरप, बटू आईला खेटून पाटावर, पलीकडे अष्टवर्गाची पोरं. आणि ताटासमोर तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. त्यात कुणीतरी गेम खेळत होतं आणि खेळता खेळता किंचाळत होतं. आमचा बटू तिकडे बघत नुसता आ करायचा, वहिनी घास घालायची.

फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, तेवढा मोबाईल काढा, फोटोत येतोय." वहिनीने उचलला. बटूचं चावणं तिथेच थांबलं, घास गालात तसाच. दोन फोटो निघाले, मोबाईल परत तांब्याला टेकला, गाल हलायला लागला.

आईच्या ताटातलं शेवटचं जेवण आहे हो ते! यानंतर पोरगं गुरूकडे जाणार म्हणून आई भरवते. त्या जेवणात पोराने आईकडे एकदाही बघितलं नाही. मी वहिनीला काही बोलले नाही. कार्यात बोलायचं नसतं, फेसबुकवर बोलायचं असतं.

मागच्या खुर्चीवरून एक काका म्हणालेच, "आजकालची मुलं!" इथे माझी सटकली. मुलांनी काय दुकानात जाऊन हप्त्यावर आणलाय का तो फोन? आठ वर्षांचं पोर आहे!

आमच्याकडे १९८७ साली ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, लाकडी शटरचा. मी सातवीत. परीक्षा जवळ आल्या की अण्णा सकाळी टीव्हीचं चालू-बंद करायचं बटण उपटून काढायचे आणि शर्टाच्या खिशात घालून ऑफिसला जायचे. पेन, बसचा पास आणि टीव्हीचं बटण. संध्याकाळी घरी आले की बटण देवघराच्या फळीवर. मागायची कुणाची छाती नव्हती.

आम्ही काय शहाणे होतो असं नाही. बटण काढलं की खाली लोखंडाची बारीक दांडी उरायची. दादाने ती पक्कडीने फिरवायचा शोध लावला. आई भाजीला गेली की शटर सरकवायचं, पक्कड लावायची आणि आवाज बारीक करून जे लागेल ते बघायचं. कृषीविषयक कार्यक्रमसुद्धा! भातावरचा करपा मला आजही ओळखता येईल.

तेव्हा आम्ही कमी बघायचो ते संस्कारांमुळे नाही, बघायला नव्हतंच म्हणून. रात्री प्रसारण संपलं की पडद्यावर मुंग्या. मध्येच 'व्यत्यय'ची पाटी. १९९२ नंतर केबलवाल्याने गल्लीत वायरी टाकल्या. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं, तर तेही सुरुवातीला रात्री बंद व्हायचं आणि त्याच जागी जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. संपायचं हो सगळं! पोरं कंटाळायची, खाली खेळायला जायची. आता एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू. नव्वद सेकंदांचा कंटाळासुद्धा पोरांच्या वाट्याला येत नाही. हे बटण कुठल्या बापाच्या खिशात मावणार?

बरं, मी तरी कुठली धुतल्या तांदळाची. माझा लेक २०२० मध्ये पाचवीत होता. शाळाच फोनवर भरायला लागली तेव्हा माझा जुना फोन मीच त्याच्या हातात दिला. दीड खोलीत दोन माणसांचं वर्क फ्रॉम होम, तो कोपऱ्यात कानात बोंडं घालून. चार तास वर्ग, मग तोच फोन, तीच मान. मला मीटिंग असायची, मी म्हणायचे, "बघ काय बघायचं ते, पण गप्प बस." हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय ते आठवलं की आज पोटात कालवतं. शाळा उघडली, फोन काही परत आला नाही. आता तो दहावीत आहे. मागच्या आठवड्यात मी त्याचा फोन कपाटात ठेवला, तर रात्री त्याने तोच जुना फुटक्या काचेचा हँडसेट शोधून काढला. मी ओरडले. मग एकदम पक्कड आठवली, आणि पुढचं ओरडणं घशातच राहिलं.

मान्य, तबल्याचे कायदे तो यूट्यूबवरूनच शिकला. मान्य. पुढे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला लागले. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. सगळ्या गावाने मिळून बटण खिशात घातलं म्हणायचं! तिकडे ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांची सोशल मीडियावरची खातीच बंद करायला लावली. पोरं पळवाटा काढणारच. पण पक्कड शोधायला तरी लागू दे ना त्यांना! पक्कडीसाठी आई भाजीला जायची वाट बघावी लागायची, निम्मा वेळ त्यातच जायचा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी मागे सुचवलं होतं, रोज एक तास फोन बंद ठेवू या. सोळा अंगठे आले. रात्री पावणेबारापर्यंत येत होते.

आणि ज्यांनी बटण खिशात घातलं ते अण्णा? वय वर्षं ऐंशी. आज मुंजीत माझ्या शेजारीच बसले होते. बटूचा घास गालात अडकला तेव्हा मी त्यांना कोपराने ढोसलं, "अण्णा, बघा." ते म्हणाले, "हं." मांडीवर रील चालू होतं, कुठलासा बाबा गुडघेदुखीवर मेथीचे दाणे सांगत होता. गेल्या वर्षी आई गेल्यापासून हे असंच आहे. जेवताना समोर फोन लागतो. मला ते दिसतं, मी काही म्हणत नाही. समोरची खुर्ची रिकामी बघत जेवायचं तरी कसं त्यांनी.

तरीही आज परत येताना गाडीत त्यांची बॅटरी संपली आणि कितीतरी दिवसांनी ते खिडकीबाहेर बघत बसले. स्वारगेटपाशी म्हणाले, "इथे उसाचा रस प्यायचो आपण, तुला आलं चालायचं नाही."

घरी आल्यापासून दोनदा हाक मारून झालीये, "अगं, माझा चार्जर बघितलास का?"

माझ्या पर्समध्ये आहे. देते थोड्या वेळाने.