दोन मार्कांचा तर प्रश्न आहे, पाठ करायला सांगा!

आजची डिपार्टमेंटची मीटिंग संपल्यापासून डोकं तापलंय. लोकलमध्ये बसून मनातल्या मनात भांडत आले. आता लिहूनच टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

मागणी एवढीच होती की टीवायच्या, म्हणजे बीएस्सी केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाच्या, मुलांना क्वांटम आणि आयनिक इक्विलिब्रियम शिकवताना आठवड्यातून एक तास कॉम्प्युटर लॅब मिळावी, मॅक्सिमा वापरायला. मॅक्सिमा म्हणजे समीकरणं सोडवणारं, आलेख काढणारं मोफत सॉफ्टवेअर. लॅब दुपारी रिकामी असते. त्यावर सीनियर सरांचं उत्तर: "मॅडम, इंटिग्रेशन मशीनच करणार असेल तर मुलं शिकणार काय? आणि पीसीबीची मुलं आहेत ती, बारावीला गणित न घेतलेली. डेरिव्हेशन पाठ करायला सांगा. दोन मार्कांचा तर प्रश्न आहे."

पाठ करायला सांगा! ज्याचा अर्थ कळलेला नाही ते पाठ करा, पेपरात उतरवा आणि विसरून जा. याला आपण पदवीचं शिक्षण म्हणायचं?

दिवा स्टेशनहून येणारी एक विद्यार्थिनी होती माझ्याकडे. बारावीला बायोलॉजी, म्हणजे अकरावीतच गणित सुटलेलं. फळ्यावर मी हायड्रोजनच्या १एस ऑर्बिटलचं, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती कुठे सापडेल ते सांगणाऱ्या सूत्राचं, इंटिग्रेशन करायला लागले की ती मान खाली घालून उतरवून घ्यायची. अक्षर मोत्यासारखं, पण विचारलं तर तोंडातून शब्द फुटायचा नाही. एकदा मी माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि मॅक्सिमामध्ये दोन आलेख शेजारी शेजारी काढले. पहिला साय स्क्वेअरचा, म्हणजे एखाद्या बिंदूपाशी इलेक्ट्रॉन सापडण्याची घनता किती त्याचा. तो केंद्रकापाशी सर्वांत उंच आणि तिथून सतत उतरणारा. दुसरा त्याच साय स्क्वेअरला चार पाय आर स्क्वेअरने गुणलेला, म्हणजे केंद्रकापासून आर इतक्या अंतरावर इलेक्ट्रॉन सापडण्याची एकूण शक्यता किती त्याचा. हा केंद्रकापाशी शून्यातून निघतो, वर चढतो आणि ५२.९ पिकोमीटरवर शिखर गाठून खाली येतो.

वर्गात शांतता. आणि ही मुलगी, जी कधी बोलायची नाही, ती म्हणाली, "मॅडम, केंद्रकापाशी सगळ्यात दाट आहे, मग तिथे सापडण्याची शक्यता शून्य कशी?"

अहो, हाच तर प्रश्न आहे! अख्ख्या चॅप्टरचा जीव या एका प्रश्नात आहे. मी काही बोलणार त्याआधी तिनेच उत्तर दिलं. म्हणाली, "आमच्याकडे स्टेशनला लागून घरं अगदी दाटीवाटीची आहेत, पण तिथे जागाच केवढी? जरा लांब गेलं की घरं विरळ होतात पण जागा वाढते, म्हणून एकूण माणसं तिकडेच जास्त." आर स्क्वेअर म्हणजे ती वाढणारी जागा. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यासमोर दोन वक्ररेषा होत्या आणि हातातली पेन्सिल मोकळी होती, एवढाच काय तो फरक.

सर म्हणतात मुलं आळशी होतील. मग ऐका पुढे काय झालं. तिने कीबोर्ड मागून घेतला. केंद्रकाचा भार एकऐवजी दोन केला, म्हणजे हायड्रोजनच्या जागी हीलियमचा धन आयन. शिखर बरोब्बर निम्म्या अंतरावर सरकलं. तीन केल्यावर एक तृतीयांश. मग तिने विचारलं, "मॅडम, हे शिखर मशीन शोधतं कसं?" आणि त्या संध्याकाळी बारावीत न शिकलेलं डेरिव्हेटिव्ह ती माझ्याकडून शिकून गेली. शिखरावर उतार शून्य असतो, म्हणून डेरिव्हेटिव्ह, म्हणजे तो उतारच, शून्य धरायचं, प्रॉडक्ट रूल लावायचा, आर बरोबर बोर त्रिज्या, म्हणजे हायड्रोजनचे तेच ५२.९ पिकोमीटर. कागदावर, स्वतःच्या हाताने. गणिताच्या भीतीने जिने विषय सोडला होता तिला गणित हवंसं वाटलं, हे फळ्यावरच्या माझ्या कुठल्याच तासात झालं नव्हतं.

हाताने सोडवायची सवय हवी, हे मान्य. कुणी नाही म्हणतंय?

पण मग लॉग टेबलचं काय? बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ते कोष्टक काय आपण हाताने मांडलेलं असतं? नेपियरने १६१४ साली लॉगरिदमची कोष्टकं छापली आणि लोकांचे किचकट गुणाकार वाचवले. ते साधन जुनं आहे म्हणून पवित्र, आणि मॅक्सिमा नवीन आहे म्हणून कामचुकारपणा? आणि नवीन तरी कुठे आहे ते! मॅक्सिमा ज्यातून निघालं ते मूळ सॉफ्टवेअर, मॅकसिमा, अमेरिकेतल्या एमआयटीत १९६०च्या दशकात सुरू झालं. विल्यम शेल्टर नावाच्या प्राध्यापकांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं आणि १९९८ मध्ये परवानगी मिळवून सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. कुणीतरी आपल्यासारख्यांसाठी एवढी खटपट करून ठेवली आहे आणि आपण म्हणतो बजेट नाही. कसलं बजेट? मॅथेमॅटिका हे विकतचं सॉफ्टवेअर महाग आहे, ठीक. मॅक्सिमाला एक रुपया लागत नाही, तसंच काम करणाऱ्या सिमपायला लागत नाही. मोबाइलवर सुद्धा चालतं. पवईला आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलवाल्यांनी मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतून करून ठेवलेत. आपल्याला फक्त लॅबचं कुलूप उघडायचंय.

सरांवर राग धरून उपयोग नाही हेही कळतं मला. त्यांनी शिकवलेली कितीतरी मुलं आज चांगल्या जागी आहेत. सिलॅबस बदलत राहतो, तास कमी होतात, पेपर तपासून मान मोडते. अशा वेळी नवीन काही अंगावर घ्यायचं म्हणजे जीवावर येतं. मीटिंगमध्ये ते चिडले तेव्हा थकलेलेच दिसत होते. दुसरं कुणी असतं तर मी इतकं लिहिलंही नसतं. त्यांच्याकडून अपेक्षा आहे म्हणून लागलं.

पण "मशीन उत्तर देतं, मुलं विचार करत नाहीत" हे मात्र मी ऐकून घेणार नाही. उलट आहे सर! विचार न करण्याची सवय आपण लावली आहे. वीक ॲसिडचा पीएच काढायला आपण काय शिकवतो? विघटन नगण्य धरा, केए (ॲसिडचा विघटन स्थिरांक) गुणिले सी (त्याची संहती), वर्गमूळ काढा, झालं. मुलं डोळे झाकून लावतात. आता ॲसेटिक ॲसिड घ्या आणि पाणी घालत घालत १० चा उणे ७ घात मोलरपर्यंत न्या. पाठ केलेलं सूत्र सांगतं पीएच ५.८७. म्हणजे जेवढं ॲसिड टाकलंच आहे त्याच्या तेरापटीहून जास्त हायड्रोजन आयन त्यातून निघाले! असं कधी होईल का? पण वर्गातलं एकही मूल दचकत नाही, कारण सूत्र बरोबर लावलंय ना, मार्क मिळणार. पाण्याचं स्वतःचं विघटन धरून पूर्ण समीकरण मांडलं तर ते तिसऱ्या घाताचं होतं. ते हाताने सोडवायला तास जातो, म्हणून आपण मांडतच नाही. मॅक्सिमाला दिलं की क्षणात तीन उत्तरं येतात. त्यातली दोन ऋण. संहती ऋण कशी असेल? मग उरलेलं एक घ्यायचं आणि पीएच येतो ६.७९. यात विचार कुणी केला? समीकरण मांडलं मुलाने, मुळं निवडली मुलाने, उत्तर पटतं का हे तपासलं मुलाने. मशीनने आकडेमोड केली.

दिव्याच्या त्या मुलीने हाच आलेख काढला होता, सूत्राचा आणि पूर्ण समीकरणाचा, एकावर एक. संहती कमी होत गेली की दोन रेषा कुठे फाटतात त्या जागेवर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे सूत्र इथपर्यंतच खरं आहे." नगण्य म्हणजे किती नगण्य, हे विचारायची हिंमत आपल्या किती मुलांत असते?

परीक्षेत मॅक्सिमा नसतं, हा मुद्दा आहे, नाही असं नाही. मग परीक्षा बदला. कधीतरी कुणीतरी म्हणायला हवंच ना.

माझ्या मित्रयादीत शिक्षक बरेच आहेत, केमिस्ट्रीचे तर खूपच. तुमच्या कॉलेजात कुणी हे करत असेल तर सांगा, मला येऊन बसायचंय तुमच्या वर्गात. माझ्याकडच्या फाइल्स कुणालाही देईन, नुसतं इनबॉक्समध्ये या.

लॅब मिळो न मिळो, येत्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर माझा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन बसणार आहे. खऱ्या वायूंसाठीचं व्हॅन डर वाल्सचं समीकरण घ्यायचं, पहिलं आणि दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य धरायचं आणि क्रिटिकल बिंदूचं, म्हणजे जिथे वायू आणि द्रव यांतला फरक संपतो तिथलं, आकारमान तीन बी कसं येतं (बी हा समीकरणातला रेणूंच्या आकाराचा स्थिरांक) ते मशीनकडून काढून घ्यायचं. त्यावरून क्रिटिकल बिंदूचा कॉम्प्रेसिबिलिटी फॅक्टर, म्हणजे वायू आदर्श वायूपासून किती ढळतो ते सांगणारा आकडा, येतो ०.३७५, वायू कुठलाही असो. प्रत्यक्षात आर्गॉनचा ०.२९ आणि पाण्याचा ०.२३ च्या आसपास. हे का जुळत नाही आणि पाणी आर्गॉनपेक्षाही लांब का पडतं, यावर मुलांशी मनसोक्त भांडायचंय. टीवायचं ज्याला यायचंय त्याने यावं, पीसीबीवाल्यांनी तर नक्की.