घरच्या घरी सरदार पूर्वज

गेल्या रविवारी आमच्या भावकीचं कुलसंमेलन झालं. रिंग रोडवरचं मंगल कार्यालय, तांबडा-पांढरा, आणि दारात वीस फुटी फ्लेक्स: 'मूळ पुरुषापासून आजपर्यंतची संपूर्ण वंशावळ'. संपूर्ण हा शब्द त्यांचाच. वर्गणी माणशी ५०० रुपये. तिथून आल्यापासून माझी खात्री झालीय की वंशावळ काढणं म्हणजे हातचा मळ आहे, आपणच उगाच बिचकतो. तुमच्या भावकीतही कुणाला तरी ही हौस आली असेल (असणारच, हल्ली घराआड एक इतिहाससंशोधक आहे), तर त्याच्यासाठी अनुभवाचे चार बोल.

पहिली गोष्ट, सुरुवात वरून करा. अडाणी माणसं स्वतःपासून करतात. आपण, आपले आईबाप, त्यांचे आईबाप, अशी एकेक पायरी मागं जातात. मग कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधा, शाळेचं जनरल रजिस्टर बघा, फेरफार काढा. नाकातोंडात धूळ जाते आणि शेवटी हाती काय लागतं, तर पणजोबा कुणाच्या तरी मळ्यात सालगडी होते. हे फ्लेक्सवर कसं लावणार? त्यापेक्षा आधी सरदार ठरवावा आणि मग त्याच्यापासून खाली आपल्यापर्यंत उतरत यावं. आडनाव जुळलं की बास. पाटील असाल तर प्रश्नच मिटला. पाटीलकी हे गावोगावचं वतन, त्यामुळं पूर्वज निवडायला तुम्हाला अख्खा महाराष्ट्र मोकळा.

पानिपत ठेवाच. १४ जानेवारी १७६१ ला जो परत आला नाही, त्याची उलटतपासणी कोण घेणार?

मोडी पूर्ण शिकायच्या फंदात पडू नका. आमच्या दादानं तीन दिवसांचा वर्ग केला, तेवढं पुरतं. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं, शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही, इकार-उकारात ह्रस्व-दीर्घ नाही. म्हणजे मनात असेल ते वाचायची केवढी सोय! आणि कागदावर सन दिसला की तो इसवीच धरायचा. दादाला एका कागदावर सन १२६५ सापडला. तो होता फसली, म्हणजे महसुलाचा जुना सन. फसलीत ५९० मिळवले की इसवी येतो, म्हणजे १८५५. दादानं मिळवले नाहीत. त्यामुळं आमचे खापरपणजोबा एका रात्रीत देवगिरीच्या यादवांच्या चाकरीला लागले. मग पानिपतावर पडलेला आमचा सरदार त्यांचा बाप की पंधराव्या पिढीतला नातू, हा पेच फ्लेक्सवर एक वाकडा बाण काढून सोडवलाय. मी हे लक्षात आणून दिलं तर म्हणाला, "भावा, तू लई निगेटिव्ह बोलतोस."

हेळव्याला मात्र चुकूनही विचारू नका. सुगी झाली की तो बैल घेऊन दारात येतो, वही उघडतो, घराण्याच्या पिढ्या घडाघडा वाचतो आणि पायली-दोन पायली धान्य घेऊन पुढच्या गावाला जातो. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं हेच काम. पण या लोकांना प्रसंगाचं भान नसतं. आमच्या हेळव्याच्या वहीत सरदार नाहीच. एक घरजावई आहे, जमीन गहाण टाकलेले दोघं आहेत, आणि तिसऱ्या पिढीला एक दत्तक आहे. दत्तक! म्हणजे 'आपल्या रक्तातच तलवार आहे' हे दादाचं भाषण तिथंच संपलं असतं. म्हणून हेळव्याला संमेलनाचं आमंत्रण नव्हतं.

थोडं गणित येत असेल तर ते विसरून जा. आपले आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पुढची पिढी आठ. असं दहा पिढ्या मागं गेलं की त्या एकाच पायरीवर १०२४ जागा होतात. त्यातला मिशीवाला एक उचलायचा आणि बाकीच्या १०२३ जणांना रामराम ठोकायचा. त्या १०२४ तल्या ५१२ तर बायकाच, त्यामुळं निम्मं काम आपोआप हलकं होतं. फ्लेक्सही स्वस्तात बसतो.

आमचा बसला. २१४ नावं आणि एकही बाई नाही. माझी आई नाही, चुलत्या नाहीत, बहिणी नाहीत. मूळ पुरुषाला मुलगा झाला, त्याला मुलगा झाला, त्याला तीन मुलगे झाले. कुठून झाले? झाडाला लागले?

आमची आत्ती ८४ वर्षांची आहे. नातवाचा हात धरून आली होती. फ्लेक्सपुढं उभी राहून, चष्मा वर-खाली करत, बोट फिरवत तिनं सगळं वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली आहे, हळू वाचते. मग दादाला म्हणाली, "बाळा, मी कुठं हाय रं ह्यात?" दादा म्हणाला, "आत्ती, तू त्या घरची न्हवं का." ती म्हणाली, "बरं," आणि पंगतीत जाऊन बसली.

त्या घरची! त्या घरच्या लोकांनीही मागच्या वर्षी वंशावळ छापली. त्यातही ती नाही, तिथं सुना धरत नाहीत. म्हणजे ८४ वर्षं ही बाई होती कुठं?

अरे, जुना कागद मिरवता ना, तो नीट वाचा तरी. 'रामा बिन सिदू' एवढंच दिसलं तुम्हाला? त्याच्या खाली 'लक्ष्मी कोम रामा' आहे. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. दीडशे वर्षांमागच्या कारकुनाला तिचं नाव लिहायला बोरूची शाई पुरली, आणि तुमच्या वीस फुटी फ्लेक्सवर जागा नव्हती? तेही कोल्हापुरात, जिथली गादीच ताराबाईंनी उभी केली!

आणि २००५ साली कायदा बदलून वडिलार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा झाला, तेव्हापासून हक्कसोडपत्राला आत्त्या बऱ्या बिनचूक सापडतात तुम्हाला? तेव्हा चिकोडीला दिलेली सापडते, लालबागला दिलेली सापडते, गाडी पाठवून आणता. आधार कार्ड, फोटो, अंगठा, आणि जाताना एक लुगडं. त्या दिवशी ती ह्या घरची असते होय? आत्तीचा अंगठा घेताना मीही तिथं होतो, चहा मीच आणला होता, तेव्हा मला वेगळं काढत नाही. पण निदान पुन्हा तिच्याच पुढं संपूर्ण म्हणून बोर्ड लावायची लाज वाटायला पाहिजे होती आपल्याला.

दादा, ग्रुपवर रोज सकाळी माझ्या नावानं '५०० बाकी' टाकणं बंद कर. मी देणार नाही. वही घे आणि आत्तीकडं जा. कोण कुठल्या गावची, कुणाला किती पोरं झाली, किती जगली, कोण बाळंतपणात गेली, सगळं तिच्या तोंडात आहे. आपल्या पणजीचं नाव तुला माहीत आहे का? मलाही नव्हतं. परवा पंगतीत आत्तीच्या शेजारी बसलो तेव्हा विचारलं. घास खाली ठेवून म्हणाली, "तानूबाई. कागलची. तुझं नाक तिच्यावर गेलंय."