‘सेवेच्या नावाखाली’वाल्या फॉरवर्डला उत्तर

‘सेवेच्या नावाखाली काय चालतं ते वाचा’ अशा मथळ्याचं एक फॉरवर्ड सध्या ग्रुपांवर फिरतंय. कॅथलिक ननवर पाच आरोप आणि शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. एरवी मी असल्या गोष्टींच्या नादी लागत नाही. पण परवा ते मामीने पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘खरं आहे का रे हे?’ मामीची दोन्ही बाळंतपणं मिशनच्या दवाखान्यात झाली. तिलासुद्धा शंका यावी, म्हणजे लिहिणाऱ्याने काम चोख केलंय.

तिसरा मुद्दा आधी घेतो. बाकीचे चुकीचे आहेत, हा घाणेरडा आहे. ‘मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया आदिवासींना बाटवत होती, म्हणून संतापलेल्या लोकांनी तिला मारलं.’

कोणते लोक? मारणारा एक होता, समुंदर सिंह. २५ फेब्रुवारी १९९५ला उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये, इतर प्रवाशांदेखत त्याने तिला भोसकलं. अंगावर पन्नासच्या वर जखमा होत्या. मूळची केरळची ही बाई १९९२मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आली, तेव्हा तिथले शेतमजूर सावकारांच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले होते. तिने बायकांचे बचत गट उभे केले, सरकारी योजना समजावून सांगितल्या, बँकेचं कर्ज कसं मागायचं ते शिकवलं. बियाण्याला बँकेतून पैसे मिळायला लागल्यावर पेरणीच्या तोंडावर सावकाराच्या ओसरीवर कोण कशाला जाईल? धंदा बसला. संताप असलाच तर तो या गोष्टीचा होता.

आणि समुंदर सिंहच्या कानात काय भरलं गेलं होतं? ही नन लोकांना बाटवते. आज मामीच्या फोनवर जे आलंय, अगदी तेच. फरक इतकाच की त्याला पुढे पश्चात्ताप झाला. राणी मारियाची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही नन, तिने २००२मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी तिच्या घरच्यांनीच पाठिंबा दिला. २००६मध्ये सुटल्यावर तो केरळात जाऊन राणी मारियाच्या आईवडिलांना भेटला. खुद्द मारेकरी ज्या गोष्टीपासून मागे फिरला, ती आपण ‘जागृती’ म्हणून पुढे ढकलतोय!

आता, चर्च धर्मप्रसार करतं का? करतं, आणि ते लपवतही नाही. कोणावर जबरदस्ती झाली असेल, आमिष दाखवलं असेल तर मध्य प्रदेशात त्यासाठी १९६८पासून कायदा आहे. तक्रार करा, खटला भरा. बसमध्ये सुरा चालवणं ही काही त्या कायद्यातली तरतूद नव्हे.

चौथा मुद्दा: ‘झाडं आणि जंगल हे यांचं नवं सोंग, परदेशी पैशावर विकास अडवायचा.’ उदाहरण म्हणून झारखंडच्या सिस्टर वल्सा जॉनचं नाव दिलंय. नाव दिलंच आहे, तर पुढचंही सांगायला हवं होतं. पाकुड जिल्ह्यात पाचवाडाला कोळशाची खाण आली, ती संथाळांच्या जमिनींवर. त्या भागात संथाळ परगणा कुळकायदा लागू आहे, १९४९चा. आदिवासीची जमीन अशी सहज हातची जाऊ नये म्हणूनच तो आहे. वल्सा गावकऱ्यांसोबत कोर्टात गेली. तिथे हरल्यावर २००६मध्ये तिने कंपनीशी करार घडवून आणला: पुनर्वसन, नोकऱ्या, मुलांचं शिक्षण, दवाखाना. विकास अडवायला निघालेलं माणूस करार कशाला करेल? आणि १५ नोव्हेंबर २०११ला, बिरसा मुंडांच्या जयंतीदिवशी, रात्री जमावाने घरात घुसून तिला मारलं. पकडलेले बरेचसे आसपासचेच होते, हे खरं. खाणीचा पैसा गावात शिरला की गावही एक राहत नाही.

ब्राझीलमध्येही वेगळं घडलं नाही. डोरोथी स्टँग ही मूळची अमेरिकन नन, पुढे ब्राझीलची नागरिक झाली. ॲमेझॉनच्या जंगलात भूमिहीन कुटुंबांना सरकारी योजनेतून रीतसर जमीन मिळावी, त्यांनी थोडी कसावी आणि बहुतेक जंगल तसंच राखावं, यासाठी ती झटत होती. २००५मध्ये जमीन लाटणाऱ्यांनी सुपारी देऊन तिला गोळ्या घातल्या. ती ७३ वर्षांची होती. तिथेही भांडण कागदाचंच: जमीन कोणाच्या नावावर.

पहिला मुद्दा हास्यास्पद आहे. ‘व्हॅटिकनकडून दरमहा पगार.’ अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या ननला पगार आपलं सरकार देतं आणि तो तिच्या धर्मसंघाकडे, म्हणजे ती ज्या ननच्या संस्थेची असते तिच्याकडे जमा होतो. त्यावर टीडीएस, म्हणजे पगार देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर, कापू नये म्हणून चर्चच्या संस्था कोर्टात गेल्या होत्या. नोव्हेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांची मागणी फेटाळली, कर कापला जाणारच. दुसरा मुद्दा परदेशी देणग्यांचा. येतात. त्याचा हिशोब दरवर्षी केंद्रीय गृहखात्याला द्यावा लागतो, पुढे बोलण्यासारखं काही नाही.

ननविरुद्ध लिहिण्यासारखं खरं काही नाही असं नव्हे. आयर्लंडमध्ये ननच्या धर्मसंघांनी चालवलेल्या ‘मॅग्डलीन लाँड्री’ नावाच्या धुलाईघरांत बायकांना डांबून फुकट राबवून घेतलं. २०१३मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत सरकारतर्फे माफी मागितली. पण हे लिहायचं तर आधी वाचावं लागतं.

पाचवा: ‘महाराष्ट्रात यांनी फक्त महागड्या कॉन्व्हेंट शाळा काढल्या.’ पुण्याजवळ वढू बुद्रुकला सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७मध्ये सुरू केलेलं ‘माहेर’ आहे. घरातून हाकललेल्या, मारहाण झालेल्या बायका आणि त्यांची मुलं तिथे राहतात, जातधर्म न विचारता. शाळांची फी मात्र जास्त आहे, ते मान्य. फॉरवर्ड लिहिणाऱ्याची मुलं बहुधा त्यातल्याच एखाद्या शाळेत असतील. प्रवेशासाठी ओळख शोधत फिरणाऱ्यांत आमच्या ग्रुपवरचेही दोघे होते, मामीला नावं माहीत आहेत.