द्वैत-अद्वैताबद्दल मी टाकलेला संदेश चुकीचा आहे

गंगापूर रोडला सकाळी फिरणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर मी रविवारी लिहिलं होतं: ‘मन आणि शरीर वेगळं हे मध्वाचार्यांनी देकार्तच्या आधीच सांगितलं, शंकराचार्य मात्र जग नाहीच म्हणतात.’ तो संदेश आता पंचवटी, सिडकोपर्यंत फिरतोय. चूक माझी आहे, क्षमा असावी.

मध्वाचार्य तेराव्या शतकातले आणि फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा ग्रंथ १६४१चा, एवढा क्रम बरोबर. पण मध्वांचं द्वैत पाच भेदांचं आहे: ईश्वर-जीव, ईश्वर-जड (अचेतन वस्तू), जीव-जीव, जीव-जड, जड-जड. त्याच्या मुळाशी ईश्वर एकटाच स्वतंत्र आणि बाकी सारं त्याच्या अधीन, हा विचार आहे. देकार्तचा प्रश्न निराळा: विचार करणारं मन आणि जागा व्यापणारं शरीर. सांख्य दर्शनातले पुरुष (शुद्ध चैतन्य) आणि प्रकृती (जड सृष्टीचं मूळ) हेही इथे चपखल बसत नाहीत, कारण तिथे मन आणि बुद्धी प्रकृतीतच मोडतात.

अद्वैत मांडणाऱ्या शंकराचार्यांबद्दलचं वाक्य मला जास्त खुपतं. काळोखात दोरी साप वाटली की घाम खराच फुटतो. दिवा आणल्यावर कळतं, दोरीच होती. शंकराचार्य जग मिथ्या म्हणतात ते असं: ब्रह्मावर, म्हणजे एकमेव अंतिम सत्यावर, भासणारं. सशाच्या शिंगासारखं मुळातच नसलेलं, असं ते म्हणत नाहीत. ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहारातलं जग त्यांनाही मान्यच आहे.

जुना संदेश कृपया डिलीट करा, पुढे पाठवू नका. ज्यांना आधीच पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.